दिवा आणि नोंदवही

दर वर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा होतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी मुलगी, सून किंवा बहीण नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी पहिल्या मिस्साला हजर राहणारी नर्सही आपण पाहिली आहे. परिचारिका दिन म्हटला की शाळेच्या पुस्तकातले ते चित्र आठवते. रात्रीची वेळ आहे, दुतर्फा जखमी सैनिकांच्या खाटा आहेत आणि हातात दिवा घेऊन एक बाई त्यांच्यामधून चालली आहे. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

चित्र खोटे नाही. मात्र दिवा धरून फिरण्याचे काम त्यांनी दोन वर्षेही केले नाही. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे त्यांच्या हातात दिसते ती नोंदवही. माणूस आजारी का पडतो, कोणत्या घरात पडतो, कुठले पाणी पितो आणि किती जणांत एक खोली वापरतो, हे त्या मोजत राहिल्या. आज आपण त्या वहीची ओळख करून घेऊ या.

श्रीमंत घरातले पाचारण

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील इंग्लंडचे, धनवान आणि प्रवासाचे शौकीन. मुलीला त्यांनी जन्मगावाचेच नाव दिले. इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती, एक उन्हाळ्यासाठी आणि एक हिवाळ्यासाठी. मुलींना शाळेत न पाठवता वडिलांनी स्वतः घरी शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास हे विषय होतेच, पण फ्लॉरेन्सचे मन रमले ते गणितात. त्या काळी मुलीने गणित शिकणे तिच्या आईलाही विचित्रच वाटे.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, परमेश्वर आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावत आहे असे तिला स्पष्ट जाणवले. सेवा कोणती ते मात्र कळले नाही. शेजारच्या गरिबांच्या झोपड्यांत आजाऱ्यांची विचारपूस करताना तिला हळूहळू आपली वाट दिसू लागली. १८४५ मध्ये जवळच्या इस्पितळात जाऊन रुग्णसेवा शिकण्याची परवानगी तिने मागितली, तेव्हा घरात वादळ उठले. आज आपल्याला याचे नवल वाटेल. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये इस्पितळातील नर्स म्हणजे अशिक्षित, बऱ्याचदा दारूच्या आहारी गेलेली बाई, असाच समज होता. खानदानी मुलीने तिथे पाऊल टाकणे आईला आणि बहिणीला सहन होईना.

पुढची आठ वर्षे तिने घुसमटीत काढली. चांगल्या घरचे स्थळ आले होते आणि मुलगा तिला आवडतही होता, तरी १८४९ मध्ये तिने नकार दिला. पहाटे सगळे झोपेत असताना ती मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे आणि सरकारी आरोग्य समित्यांचे अहवाल वाचून त्यांची टिपणे काढी. घंटा झाली की खाली येऊन सर्वांबरोबर नाश्त्याला बसे.

कॉन्व्हेंटच्या दारात

फ्लॉरेन्स अँग्लिकन पंथात वाढली आणि अखेरपर्यंत त्याच पंथात राहिली. मात्र तिच्या घडणीत कॅथलिक धर्मभगिनींचा मोठा वाटा आहे. १८४७-४८ चा हिवाळा तिने रोममध्ये घालवला. तेथील त्रिनिता देई मोंती या कॉन्व्हेंटमध्ये तिला मदर सांता कोलोम्बा भेटल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तिने रिट्रीट केली. स्वतःची इच्छा बाजूला सारून परमेश्वराच्या इच्छेला कसे शरण जावे, हा धडा तिथे मिळाल्याचे ती पुढे आयुष्यभर आठवीत असे. एका अनाथ मुलीला त्याच कॉन्व्हेंटमध्ये ठेवून तिच्या शिक्षणाचा खर्चही तिने उचलला.

१८५१ मध्ये जर्मनीतील कैझरस्वर्थ येथील प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तिने तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ मध्ये ती पॅरिसला संत विन्सेंट द पॉल यांच्या भगिनींकडे शिकायला गेली, पण तिथे तिलाच गोवर निघाला आणि शिकायला आलेली मुलगी रुग्ण होऊन खाटेवर पडली! कॅथलिक होण्याचा विचारही तिने गंभीरपणे केला होता. पुढे कार्डिनल झालेले फादर मॅनिंग यांच्याशी त्याबाबत तिचा पत्रव्यवहार झाला. तिची मते पूर्णपणे जुळत नाहीत हे पाहून त्यांनी घाई करू दिली नाही.

अखेर १८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाची प्रमुख म्हणून तिला पहिले काम मिळाले. व्यवस्थापक समितीला कॅथलिक रुग्ण नको होते. फ्लॉरेन्सने अट घातली की सर्व धर्मांच्या रुग्णांना प्रवेश मिळाला पाहिजे आणि ज्याच्या त्याच्या धर्मगुरूला भेटायला येऊ दिले पाहिजे, नाहीतर आपण काम सोडू. समितीने मान्य केले. घरची लाडकी फ्लो आता नाइटिंगेलबाई झाली होती.

स्कुतारीचा हिवाळा

१८५४ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचे रशियाशी क्रिमियात युद्ध जुंपले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून आले आणि देश संतापला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ जणींना घेऊन बाई निघाल्या. त्यांत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. लंडनमधील बर्मंडसी कॉन्व्हेंटच्या मदर क्लेअर मूर त्यांच्यापैकीच एक. मदर क्लेअर यांच्याशी बाईंची जी मैत्री जडली ती १८७४ मध्ये मदर देवाघरी जाईपर्यंत टिकली. प्रमुखपद आपल्यापेक्षा मदरनाच अधिक शोभले असते, असे बाईंनी त्यांना मोकळेपणाने कळवले होते. सगळ्याच भगिनींशी मात्र त्यांचे जमले नाही. नंतर आलेल्या आयरिश भगिनींच्या प्रमुख मदर ब्रिजमन यांच्याशी अधिकारावरून त्यांचे चांगलेच खटके उडाले. बाईंचा स्वभाव करडा होता, हेही सांगायला हवे.

४ नोव्हेंबरला त्या इस्तंबूलजवळ स्कुतारी येथे पोहोचल्या. एका प्रचंड जुन्या बराकीचे इस्पितळ केले होते. खाटा पुरेशा नव्हत्या, त्यामुळे सैनिक ओल्या जमिनीवर पडलेले. अंगावर रक्ताने कडक झालेले कपडे, उवा, उंदीर, सर्वत्र दुर्गंधी. साबण नाही, टॉवेल नाही, रुग्णाला खाता येईल असे जेवण नाही. बाईंनी जमिनी घासून घेतल्या, कपडे धुण्यासाठी कढया लावल्या, सैनिकांच्या बायकांना धुलाईच्या कामाला घेतले, रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर काढले. रात्री दिवा घेऊन फेरी मारली. मरणाऱ्याच्या उशाशी बसल्या. त्याच्या आईला पत्र लिहिले.

एवढे करूनही माणसे मरत राहिली. १८५५ च्या फेब्रुवारीत इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. जखमांपेक्षा जुलाब, हगवण, पटकी आणि ताप यांनीच अधिक बळी घेतले.

मार्चमध्ये इंग्लंडहून डॉक्टर सदरलंड आणि इंजिनियर रॉलिन्सन यांचे स्वच्छता पथक आले. त्यांनी रुग्ण तपासले नाहीत, इमारत तपासली. इस्पितळाच्या खालीच तुंबलेली गटारे होती आणि त्यांची घाण हवा पाइपांतून थेट वॉर्डांत येत होती. पिण्याचे पाणी येणाऱ्या पाटात घोड्याचे कुजलेले धूड सापडले. पथकाने गटारे उपसून धुतली, कचरा आणि मेलेली जनावरे गाडीवर घालून हलवली, भिंतींना चुना लावला, हवेसाठी झरोके काढले. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनवर आले.

वहीने दिलेला धक्का

१८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई इंग्लंडला परतल्या. सत्कार, मिरवणुका टाळण्यासाठी त्यांनी खोट्या नावाने प्रवास केला. देशाच्या दृष्टीने त्या देवदूत होत्या. सैनिक मेले ते उपासमारीने, थंडीने आणि फार उशिरा इस्पितळात आल्याने, असे तेव्हा त्यांनाही वाटत होते.

मग संख्याशास्त्राचे जाणकार विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी युद्धातील मृत्यूंचा हिशेब मांडायला घेतला आणि आकडे भलतेच सांगू लागले. आघाडीवरच्या साध्या तंबूंतील इस्पितळांपेक्षा त्यांच्या स्कुतारीच्या इस्पितळात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. ज्या छपराखाली आपण दिवसरात्र सेवा केली, त्याच छपराने माणसे मारली! आपण मलमपट्टी करीत होतो तेव्हा पायाखालचे गटार वाहत होते आणि आपण तिकडे पाहिलेही नाही.

हा धक्का मोठा होता. क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांचे शरीर आधीच पोखरले होते. १८५७ मध्ये त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढे कित्येक वर्षे खोलीबाहेर फारशा पडू शकल्या नाहीत.

दुसऱ्या कोणी हे आकडे कपाटात दडवले असते. आपली कीर्ती आहे ती आहे, कशाला उकरा? बाईंनी ते छापले. शिवाय ते आकडे मंत्र्यांना आणि राणीलाही समजावेत म्हणून १८५८ मध्ये एक रंगीत आकृती काढली. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाच्या बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या आणि इतर काळ्या. पाहणाऱ्याला वाचायची गरजच पडत नाही, कारण निळा रंग सारे पान व्यापून टाकतो. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेत निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. युद्ध नसतानाही, इंग्लंडमधल्याच बराकींत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. सैन्यात तर निवडून धडधाकट मुले घेत! मग ती मरत होती कशाने? दाटीवाटीच्या खोल्या, कोंदट हवा, वाईट पाणी. यानंतर सरकारने बराकी सुधारायला घेतल्या.

घर कसे, तसे आरोग्य

१८५९ च्या अखेरीस त्यांचे रुग्णसेवेवरील छोटे पुस्तक निघाले. ते घराघरांतील बायकांसाठी होते. त्यात औषधांची यादी नाही. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड ही निरोगी घराची पाच अंगे त्यांनी सांगितली. २४ जून १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात, लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ जमवलेल्या निधीतून, परिचारिकांची शाळा सुरू झाली. आजच्या नर्सिंग शिक्षणाची ती गंगोत्री.

१८६१ च्या जनगणनेच्या वेळी त्यांनी सरकारकडे दोन मागण्या केल्या. प्रत्येक घरात त्या दिवशी कोण आजारी आहे ते लिहून घ्या आणि ते घर कसे आहे तेही लिहा. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की कोणत्या घरात कोणता रोग राहतो ते आपोआप दिसेल. सरकारने नकार दिला. आज आरोग्यविषयक पाहणी करणारे घरोघरी जाऊन पाणी, शौचालय, चूल, खोल्या यांची चौकशी करतात. बाई नेमके हेच दीडशे वर्षांपूर्वी मागत होत्या.

त्या काळी इंग्लंडमध्ये निराधारांना दरिद्रालयात ठेवीत. तिथल्या आजाऱ्यांची देखभाल त्याच आवारातल्या इतर दरिद्री बायका करीत. विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याच्या मदतीने १८६५ मध्ये बाईंनी लिव्हरपूलच्या दरिद्रालयात आपली विद्यार्थिनी अ‍ॅग्नेस जोन्स आणि शिकलेल्या परिचारिका पाठवल्या. अ‍ॅग्नेसने त्या नरकाचे इस्पितळ केले. १८६८ मध्ये टायफसच्या तापाने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती तिथेच मरण पावली. गरीब माणूस आजारी पडला की तो आधी आजारी माणूस असतो, दारिद्र्याची शिक्षा त्याला खाटेवर देऊ नये, हा बाईंचा आग्रह होता. १८६७ मध्ये लंडनपुरता कायदा झाला, त्यात या आग्रहाचा काही अंश उतरला.

स्वतःच्या कामालाही त्यांनी हीच फूटपट्टी लावली. १८६२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांनी सुईणींच्या प्रशिक्षणासाठी बाळंतिणींचा वॉर्ड काढला होता. तिथे बाळंतज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये त्यांनी तो बंद केला. मग निरनिराळ्या ठिकाणचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. गरीब बाई आपल्या साध्या घरात बाळंत झाली तर त्या काळच्या प्रसूतिगृहापेक्षा अधिक सुरक्षित असते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपली संस्था बंद करून तिच्या अपयशावर पुस्तक लिहिणारी माणसे विरळाच!

न पाहिलेला भारत

नाइटिंगेलबाई भारतात कधीच आल्या नाहीत. तरीही सुमारे चाळीस वर्षे भारत त्यांच्या मनात होता. १८५९ मध्ये भारतातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला. बाईंनी प्रश्नावली तयार करून प्रत्येक लष्करी छावणीला पाठवली. पाणी कुठून येते? गटार आहे का? एका खोलीत किती जण झोपतात? उत्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्या घरी येऊन पडले. भारतातील गोऱ्या सैनिकांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ होते. १८६३ मध्ये अहवाल आला, मुंबईसह तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग बसले, सुधारणा सुरू झाल्या आणि १८७३ पर्यंत हे प्रमाण १८ पर्यंत खाली आल्याचे बाईंनी नोंदवले.

पण कागद वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की छावणीच्या भिंतीबाहेरची वस्ती आजारी असेल तर छावणी निरोगी राहूच शकत नाही. नजर सैनिकावरून रयतेकडे वळली. रयतेकडे पाहिले तर गटाराच्याही मागे भूक दिसली. भुकेमागे दुष्काळ आणि दुष्काळामागे सावकार. पाटबंधारे व्हावेत म्हणून त्यांनी इंजिनियर आर्थर कॉटन यांच्या बाजूने लेखणी चालवली. १८७५ मध्ये पुणे, नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. १८७८ मध्ये लंडनच्या एका मासिकात बाईंनी भारतीय जनतेवर लेख लिहिला, त्यात दख्खनच्या शेतकऱ्याचे कर्ज हा मुख्य विषय होता. परिचारिकेने सावकारीवर का लिहावे? कारण ज्याचे पीक आधीच गहाण पडले आहे त्याच्या मुलांच्या पोटात अन्न जात नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी पैसा कुठून येणार हा प्रश्न त्यांनी लावून धरला. गावातून गोळा होणारा कर आधी गावाच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी नाशिकला जन्मलेली आणि पुण्यात शिकलेली ख्रिस्ती तरुणी कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला गेली. तिच्या शिक्षणासाठी जमवलेल्या निधीत बाईंचीही वर्गणी होती. हीच कॉर्नेलिया पुढे भारतातील पहिल्या स्त्री वकिलांपैकी एक झाली.

बाईंचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोग घाणेरड्या हवेतून उपजतो, असे त्या पुष्कळ वर्षे मानीत. जंतूंचा शोध लागल्यावरही त्यांनी तो सावकाशच स्वीकारला. भारतावर इंग्रजांचे राज्य असावे याविषयी त्यांना शंका नव्हती. ते राज्य रयतेला जगवत नाही, ही मात्र त्यांची तक्रार होती आणि ती त्या व्हाइसरॉयना तोंडावर सांगत.

निरोप

म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मान दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री, पण तोवर स्मृतीही अंधुक झाली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी शांतपणे डोळे मिटले. राजेरजवाड्यांच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली होती. त्यांच्या इच्छेला मान देऊन नातलगांनी नकार दिला. सैनिकांनी शवपेटीला खांदा दिला आणि ईस्ट वेलो या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ त्यांना मूठमाती देण्यात आली. थडग्यावर त्यांच्यासाठी फक्त नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची वर्षे आहेत.

आजाऱ्याला भेट देणे हे दयेचे कृत्य आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. आपण ते करतोही. शेजारी आजारी पडला की पेज घेऊन जातो, त्याच्यासाठी रोझरी म्हणतो, इस्पितळाच्या बिलाला हातभार लावतो. नाइटिंगेलबाईंनी हे सारे केले आणि मग त्यांना कळले की एवढे पुरत नाही. पुढच्या वेळी आपल्या आळीत एकाच पावसाळ्यात तीन घरांत कावीळ झाली किंवा डेंग्यूने चार मुले तापली, तर आजाऱ्याला भेटून निघताना जरा मागच्या दाराने जाऊ या. विहिरीजवळून गटार वाहते का, बावखलात कचरा साचला आहे का, भाडोत्री खोलीत दहा जण झोपतात का, ते पाहू या. दिसेल ते वहीत लिहून ठेवू या आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दारात जाऊन दाखवू या. आजाऱ्याच्या उशाशी दिवा घेऊन बसणारी माणसे आपल्यात आहेत, देवाची कृपा! वही उघडणाराही कोणीतरी लागतो.